बाऊन्स केला की फोटो अंडर येतो? फ्लॅश परत आणण्याआधी हे वाचा

भाड्याने नेलेल्या फ्लॅशबद्दल आमच्याकडे सर्वांत जास्त येणारी तक्रार अशी: "समोरून मारला तर ठीक, पण छतावर मारला की फोटो काळपट येतो. फ्लॅशमध्ये दम नाही." प्रकाश छतावर किंवा भिंतीवर मारून परत आणणं म्हणजे बाऊन्स, आणि हवा त्यापेक्षा काळपट फोटो म्हणजे अंडर. असा परत आलेला फ्लॅश आम्ही प्रकाश मोजणाऱ्या मीटरसमोर धरून फुल पॉवरला उडवून बघतो. बहुतेक वेळा तो द्यायला हवा तेवढा प्रकाश देतच असतो. बदली फ्लॅश नेलात तरी फोटो तसाच येईल, आणि तोवर कार्यक्रम उरकलेला असेल.

फ्लॅशचं डोकं कसं फिरवायचं, टीटीएल (पॉवर कॅमेरा ठरवतो) आणि मॅन्युअल (पॉवर तुम्ही ठरवता) यांत फरक काय, हे तुम्हाला ठाऊक आहे असं धरूनच पुढचं लिहिलं आहे.

प्रकाश जातो कुठे

समजा छत पांढरं आणि ३ मीटर उंच आहे. फ्लॅशचं डोकं जमिनीपासून १.७ मीटरवर, समोरच्या माणसाचा चेहरा १.५ मीटरवर, आणि तो तुमच्यापासून ३ मीटर लांब. सरळ मारलेला प्रकाश ३ मीटर जातो, छताला लागून येणारा साधारण ४.१ मीटर. अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात प्रकाश उतरतो, म्हणजे नुसत्या लांबलेल्या वाटेनेच जवळजवळ एक स्टॉप खाल्ला (एक स्टॉप गेला म्हणजे प्रकाश निम्मा झाला). शिवाय छत म्हणजे आरसा नव्हे. ते प्रकाश चहूकडे उधळतं आणि थोडा गिळतंही. त्यात आणखी दीड-दोन स्टॉप जातात.

खोक्यावर छापलेला गाइड नंबर ६०, म्हणजे फ्लॅशच्या ताकदीचा आकडा, हा आयएसओ १०० चा (आयएसओ म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) आणि झूम २०० मिमीवर असतानाचा असतो. डोकं वर केलं की बरेच फ्लॅश झूम आपोआप ५० मिमीच्या आसपास आणतात. तिथे हाच आकडा ४२ च्या घरात येतो. त्याला ४.१ मीटरने भागा, एफ १० आलं (एफ म्हणजे लेन्सचं छिद्र; आकडा लहान तितकं छिद्र मोठं). छताचे दोन स्टॉप वजा करा, एफ ५ उरलं. फुल पॉवरला, बुटक्या पांढऱ्या छताखाली, आयएसओ १०० वर फ्लॅशची धाव इथपर्यंतच. कॅमेरा मात्र आयएसओ १००, एफ ८ वरच राहिलेला असतो, कारण समोरून मारताना तेवढं पुरत होतं. फोटो सव्वा ते दीड स्टॉप अंडर येणारच.

हीच ती चूक. डोकं वर जातं, पण कॅमेऱ्याचं सेटिंग जागचं हलत नाही.

मग करायचं काय

कॅमेरा मॅन्युअलवर घ्या. आयएसओ ८००, एफ ४, शटर १/१२५. वरच्याच खोलीत आता फ्लॅशला १/८ ते १/१६ एवढीच पॉवर लागेल. फोटो उजळ येतो, रिसायकल (पुढच्या फोटोसाठी फ्लॅश पुन्हा भरणं) जवळपास लगेच होतं आणि फ्लॅश तापत नाही. फुल पॉवरला मात्र सेल भरलेले असले तरी दर फोटोमागे दोन-चार सेकंद थांबावं लागतं. एकामागून एक पंचवीस-तीस फोटो उडवले की फ्लॅशचं तापमान-संरक्षण मध्ये येतं आणि तो थंड होईपर्यंत हात बांधून बसावं लागतं. डोक्यापुढचं प्लॅस्टिक तपकिरी पडून परत येतं तेही याच उद्योगातून, विशेषतः काचेला घट्ट चिकटवलेल्या जेलमुळे, म्हणजे रंगीत पारदर्शक कागदामुळे. ते आम्ही डिपॉझिटमधून वळतं करतो आणि त्यावर वाद घालत नाही.

आयएसओ वाढवला तर नॉइज (फोटोत दिसणारे दाणे) येईल, ही भीती आम्ही रोज ऐकतो. आयएसओ १०० वर अंडर घेतलेला फोटो संगणकावर दोन स्टॉप उचलला की सावल्यांत नॉइज उगवतोच, वर त्वचेचा रंगही बिघडतो. ८०० वर नीट एक्स्पोज केलेला फोटो असा उचलावा लागत नाही.

"मग दुसरा फ्लॅश द्या," असंही सांगितलं जातं. देतो, आमचा धंदाच आहे. पण दोन सारखे फ्लॅश मिळून प्रकाश एकाच स्टॉपने वाढतो, आणि आयएसओ ४०० चा ८०० केला की तेवढाच फरक फुकटात पडतो. दुसरा फ्लॅश खोलीच्या मागच्या कोपऱ्यासाठी न्या, पहिल्याची कमी भरून काढायला नको.

तरीही फोटो काळाच येत असेल तर आम्हाला फोन करण्याआधी चार गोष्टी बघा. शटर १/२०० किंवा १/२५० च्या वर गेलं आहे का? गेलं असेल आणि हाय-स्पीड सिंक (एवढ्या वेगाच्या शटरलाही फ्लॅश चालवायची सोय) चालू असेल, तर दोन स्टॉप किंवा त्याहून जास्त तिथेच गेले. डोक्यावर प्लॅस्टिकची टोपी आहे का? बाऊन्स करताना तिचा उपयोग थोडा आणि खर्च स्टॉपभर. (उघड्या मैदानात टोपी लावून, डोकं आभाळाकडे करून फोटो काढणारे आजही दिसतात. आभाळ काही परत पाठवत नाही.) प्रकाश रुंद पसरवणारी, बाहेर ओढायची वाइड पट्टी बाहेरच राहिली आहे का? आणि टीटीएल असेल तर समोर पांढरे कपडे जास्त आहेत का? तेवढं पांढरं बघून मीटर फसतो आणि पॉवर कमी करतो. फ्लॅश कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेली पॉवर वाढवायचं-घटवायचं सेटिंग) +१ करा.

डोकं नेमकं कुठे वळवायचं

सरळ वर, ९० अंशांत, कमीत कमी वेळा. माणूस जवळ असला तर प्रकाश त्याच्या टाळूवर पडतो आणि डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात. डोकं मागे कलवा, आपल्या खांद्यावरून, किंवा बाजूच्या भिंतीवर. भिंतीवर उजेडाचा जो मोठा डाग पडतो तोच आता तुमचा दिवा. चेहऱ्याच्या ज्या बाजूने उजेड यायला हवा त्या बाजूची भिंत निवडा. डोक्यातून निसटणारा थोडा थेट प्रकाश चेहऱ्यावर जाऊन सगळं काम फुकट घालवतो, म्हणून साधारण १५ बाय २० सेंटिमीटरची काळ्या फोमची पट्टी डोक्याच्या समोरच्या कडेला रबराने अडकवा. ही पट्टी प्रत्येक फ्लॅशसोबत आम्ही देतो आणि ती बहुतेक वेळा बॅगेतून बाहेरही न पडता परत येते.

रंगीत भिंत, लाकडी छत

ज्यावर प्रकाश माराल त्याचा रंग घेऊनच तो परत येतो. सगळाच प्रकाश हलक्या क्रीम छतावरून येत असेल तर अडचण नाही. ग्रे कार्ड (राखाडी रंगाचं कार्ड) धरून, त्याच बाऊन्समध्ये फोटो काढून व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं यासाठीचं सेटिंग, लावा. खरा घोळ होतो तो चेहऱ्याची एक बाजू हिरव्या भिंतीने आणि दुसरी पांढऱ्या छताने उजळली की. व्हाइट बॅलन्स एकच असतो, तो दोन्ही बाजूंना जुळत नाही. लाकडी छत तर रंगही नारिंगी देतं आणि तीन-चार स्टॉप गिळतं. अशा जागी छताचा नाद सोडा. एक मीटर बाय एक मीटरचं पांढरं थर्माकोल किंवा फोमबोर्ड स्टँडवर लावा, फ्लॅश त्यापासून अर्ध्या-पाऊण मीटरवर ठेवून त्यावर मारा. वाट छोटी, रंग हमखास पांढरा. पाच मीटरच्या वर छत असेल तरीही हाच मार्ग बरा, कारण तिथे आयएसओ ८०० वरही बरीच जास्त पॉवर लागते आणि मग वर सांगितलेलं तापण्याचं प्रकरण सुरू होतं.

गोल रिफ्लेक्टरबद्दल

उन्हात माणसाची पाठ सूर्याकडे करा आणि रिफ्लेक्टरची पांढरी बाजू चेहऱ्यापासून मीटरभराच्या आत धरा; त्याहून लांब गेली की ती नावापुरतीच उरते. रुपेरी बाजू लांबूनही पोचते, पण जवळून मारली की माणूस डोळे मिचकावतो, म्हणून तिला दोन-तीन मीटर मागे घ्या. खालून, कमरेपासून वर मारू नका. हनुवटी उजळते, कपाळ काळं राहतं. छातीच्या उंचीला किंवा थोडं वर धरून हळूहळू वळवा आणि रिफ्लेक्टरकडे न बघता चेहऱ्याकडे बघा. उजेड कुठे येऊन बसला ते तिथेच कळतं. सोनेरी बाजू संध्याकाळच्या उन्हाशी जुळते. भर दुपारी तिने चेहरा पिवळा आणि मागचं सगळं निळसर दिसतं.

घडी घालताना जोर लावायचा नसतो. समोरासमोरच्या कडा धरा, एक तळवा वर, एक खाली. दोन्ही हात एकमेकांच्या उलट दिशेने पिळत जवळ आणा. रिंग आधी इंग्रजी आठसारखी होते, मग आपोआप तीन वेढ्यांत बसते. कड्याची स्प्रिंग एकदा मुरडली की रिफ्लेक्टर पुन्हा सपाट होत नाही, त्यामुळे तसा परत आला तर पूर्ण किंमत धरावी लागते. न्यायला याल तेव्हा काउंटरवर एकदा घडी घालून दाखवा. जमलं नाही तर आम्ही शिकवतो.

सेल

आम्ही अल्कलाइन सेल देत नाही. व्होल्टेज छापील १.५ असलं तरी फ्लॅशला एकदम लागणारा करंट त्यांना झेपत नाही. निकेल मेटल हायड्राइड १.२ व्होल्टचा असूनही रिसायकल लवकर करतो. चारचा एक संच फ्लॅशसोबत येतो. दिवसभराचं काम असेल तर दुसरा मागून घ्या. दोन्ही संचांतले सेल एकमेकांत मिसळू नका.

बुकिंग करताना छताची अंदाजे उंची आणि रंग सांगा, जमल्यास मोबाइलवर काढलेला जागेचा एक फोटो पाठवा. फ्लॅश एक पुरेल की बोर्ड आणि स्टँड लागेल, ते आम्ही तेव्हाच सांगू आणि त्याप्रमाणेच सामान काढून ठेवू.