शंभर टक्के चार्ज म्हणजे बॅटरी ठणठणीत?

जुना टॅबलेट-लॅपटॉप (कीबोर्ड काढला की टॅबलेट होणारा) घेताना रत्नागिरीपासून मालवणपर्यंत एकच पारख चालते: चार्ज शंभर टक्के दाखवतोय ना, मग बॅटरी चांगली. हे साफ चूक. तो आकडा बॅटरीत आज जेवढं मावतं त्याचा असतो. नवी असताना किती मावायचं, ते तो सांगत नाही.

विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'powercfg /batteryreport' टाका. तयार झालेल्या फाइलमध्ये डिझाइन कपॅसिटी (नवी असताना मावायचं ते) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आज मावतं ते) शेजारी धरून बघा. ४५,००० पैकी ३०,००० उरले असतील तर एक तृतीयांश बॅटरी गेली. सरफेस प्रो ६ सारख्या यंत्रात स्क्रीन चिकटवलेली असते, बॅटरी बदलताना काच फुटू शकते. म्हणून मूळ क्षमतेच्या ७० टक्क्यांखालचा सोडाच. स्क्रीन कडेला उचललेली दिसली तर बॅटरी फुगलेली असू शकते. फुकट दिला तरी नको.

किनाऱ्यावर वापरलेल्या यंत्रात आणखी एक बघायचं: कीबोर्ड जोडायच्या पिनांवर टॉर्च मारा. हिरवट थर असेल तर खारी हवा लागलीय, कीबोर्डचा संपर्क मधेच तुटत राहणार.

रॅम बहुधा बोर्डवरच सोल्डर असते, नंतर वाढवता येत नाही, त्यामुळे ८ जीबी आधीच असू द्या. आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर आठव्या पिढीपासून पुढचाच घ्या: विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, आणि विंडोज ११ त्याआधीच्या बहुतेक इंटेल प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही.