सफरचंदं ॲसिडने धुवायचे तेव्हा

फळं धुवायला व्हिनेगर की खायचा सोडा यावर फॅमिली ग्रुपवर भांडणं होतात, पण फळावरचं औषध धुवायची पद्धत मोठ्या प्रमाणावर सुरू झाली ती अमेरिकेत, १९२६-२७ च्या सुमारास, आणि तीही गिऱ्हाइकाच्या काळजीपोटी नाही, तर इंग्लंडला पाठवलेली सफरचंदं परत येतील या धास्तीने.

सफरचंदात कॉडलिंग मॉथ नावाच्या पतंगाची अळी शिरते, तिच्यावर मारायचे लेड आर्सेनेट. म्हणजे शिसं आणि आर्सेनिक एकत्र! १८९२ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये दुसऱ्याच एका अळीसाठी काढलेलं हे औषध स्वस्त होतं आणि पावसातही चिकटून राहायचं, म्हणून बागायतदार खूश. पुढे अळी दाद देईना तशा फवारण्या वाढत गेल्या.

ब्रिटिश आर्सेनिकच्या बाबतीत आधीच पोळलेले, कारण १९०० मध्ये मँचेस्टरकडे बिअरमधून विषबाधा होऊन हजारो लोक आजारी पडले होते आणि त्यानंतर खाण्याच्या वस्तूत एका पौंडामागे ०.०१ ग्रेन (ग्रेन हे वजनाचं जुनं, अगदी छोटं माप) आर्सेनिक ही मर्यादा आली होती, त्यामुळे १९२५ मध्ये लंडनमधल्या आजारपणाचा संबंध अमेरिकन सफरचंदांशी जोडला गेला तेव्हा आयातबंदीची भाषा सुरू झाली.

आधी पुसून, ब्रश मारून बघितलं. पण देठाच्या खळग्यात आणि खालच्या फुलाच्या टोकाला बसलेलं औषध कसं निघणार? मग हायड्रोक्लोरिक ॲसिडचं साधारण एक टक्क्याचं पाणी, त्यातून फळ काढायचं आणि लगेच साध्या पाण्याने धुवायचं, नाहीतर खळग्यात राहिलेलं ॲसिड फळालाच भाजायचं. आणि कहर म्हणजे अमेरिकन सरकारने स्वतःच्या लोकांसाठी मर्यादा आधी सैल ठेवली होती, निर्यातीच्या बरोबरीला ती १९३२ मध्ये आली.

दुसऱ्या महायुद्धानंतर डीडीटी हे नवं कीटकनाशक आलं आणि ॲसिडच्या टाक्या अडगळीत गेल्या, डीडीटी काही त्यात विरघळत नाही. मग झाडाच्या आत भिनणारी औषधं आली, तिथे तर धुण्याचा विषयच संपला.

आपल्याकडे २०१० मध्ये द्राक्षांचं हेच झालं. युरोपात माल अडकला तो क्लोरमेक्वाटमुळे, म्हणजे आपले लोक ज्याला सीसीसी म्हणतात ते. ते कीटकनाशकही नाही, खरड छाटणीनंतर, म्हणजे माल निघाल्यावर वेलीची जी मोठी छाटणी करतात तिच्यानंतर, शेंड्याची वाढ रोखायला मारतात, पण वेलीत मुरतं आणि पुढच्या मालात उतरतं. तसंही द्राक्ष धुवून पाठवता येत नाही, वरची पांढरी लव गेली की भाव गेला. म्हणून निर्यातीच्या बागेतला नमुना काढणीआधीच लॅबला जातो.