वाघ पोचला, पण त्याचं रक्त पोचलं का?

आमच्या पांढरकवड्याकडं वाघ निघाला म्हटलं की पहिला प्रश्न एकच, कोणाच्या वावरात? जीनचा अभ्यास करणारे मात्र विचारतात, ह्याची पिल्लं कुठं? अभयारण्यांचं प्लॅनिंग करायचं तर मला दुसरा प्रश्न जास्त कामाचा वाटतो.

जवळच्या टिपेश्वर अभयारण्यातला तो ‘वॉकर’ वाघ आठवतो ना? २०१९ च्या जूनमध्ये निघाला, तेलंगणाची चक्कर मारून, वावरं, नाले, रस्ते ओलांडत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला, गळ्यातल्या रेडिओ कॉलरवर ३००० किमीच्या वर चाल. सगळ्यांनी कौतुक केलं, पण ज्ञानगंगेत वाघीणच नव्हती! म्हणजे नकाशावर रेघ उमटली, जीन काही पुढं सरकला नाही.

पिल्लांचा हिशोब लागतो विष्ठेतून, हसू नका. पांदणीवर पडलेल्या वाघाच्या विष्ठेत आत हरणाचे केस, हाडकं असतात, पण वरच्या थराला वाघाच्या स्वतःच्या आतड्याच्या पेशी चिकटून येतात, तेवढाच थर खरडून लॅबमध्ये न्यायचा, आधी वाघ की बिबट ते बघायचं, मग डीएनएतल्या ठराविक जागा वाचायच्या. प्रत्येक वाघाचा नमुना वेगळा, त्यामुळं कोण कोणाचं नातेवाईक आणि कोण बाहेरून आलं ते कळतं. मध्य भारतात अशा अभ्यासांतून दिसलं की नुसतं अंतर वाघाला अडवत नाही, दाट वस्ती आणि गर्दीचे हायवे जास्त अडवतात.

आता क्षेत्रफळ आणि वाघांची संख्या बघितली तर ताडोबाच जिंकणार, १४८ चौरस किमीच्या टिपेश्वरला कोण विचारतो. पण कॉम्प्युटरवर नकाशातून एकेक जंगल पुसून बघा, उरलेल्यांचं पुढच्या पिढ्यांत काय होतं, तेव्हा ह्या छोट्या जंगलांची किंमत कळते. फाट्यावर उतरून एसटी बदलतो ना, तसे हे फाटे.

फाटे तुटले की काय होतं ते ओडिशातल्या सिमिलीपालच्या जंगलात दिसलं. एकटी पडलेली ती वाघं, त्यांच्यात एका जीनमधला बदल इतका पसरला की पट्टे जाड होऊन एकमेकांत मिसळले आणि वाघ काळेच दिसायला लागले. दिसायला भारी, पण हे आपसातच पिल्लं होत राहिल्याचं लक्षण. शेवटी २०२४ मध्ये नवीन रक्त म्हणून ताडोबातून दोन वाघिणी, जमुना आणि झीनत, तिकडं नेल्या. जे काम वाघ फुकटात पायी करतो ते गाडीत घालून करावं लागलं.

पेंचजवळ हायवे ४४ उचलून खालून वाट ठेवलीय, वाघ तिथून जाताना कॅमेऱ्यात आलेत. पण वावरांचं काय? मामाच्या तुरीला रानडुकरांसाठी झटका मशीन आहे, बांधाला लागूनच कॉरिडॉर, म्हणजे वाघांची एका जंगलातून दुसऱ्यात जायची वाट. मी त्याला मोबाईलवर नकाशा दाखवला, हिरवी पट्टी पार विहिरीपर्यंत.

मामा बघत राहिला. “ते ठीक हाय रे पोट्ट्या, पण मंग जागलीले मी कोठी बसू?”