हैदराबाद प्रश्न: बळ, करार आणि सुरक्षा परिषद

१७ सप्टेंबरला मराठवाड्यात गावोगावी ध्वजारोहण होतं, निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या सशस्त्र रझाकारांचे अत्याचार आणि स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालचा लढा यांची उजळणी होते. ती व्हायलाच हवी. पण १९४८च्या त्याच आठवड्यात आपला, म्हणजे मराठवाडा ज्यात होता त्या निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा, प्रश्न पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे होता, हे भाषणांत क्वचितच येतं. देशादेशांच्या व्यवहारात बळ आणि नियम एकमेकांना कसे वापरतात, ते पाहायला याहून जवळचं उदाहरण आपल्याला सापडणार नाही.

या प्रश्नाचं मूळ तैनाती फौजेच्या, म्हणजे संस्थानिकानं इंग्रजांची फौज पदरी ठेवण्याच्या, करारांत आहे. १७९८ आणि १८००च्या करारांनी निजामाचे परराष्ट्र व्यवहार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेले. कागदावर मात्र तो मित्रच राहिला. पुढे निजाम मीर उस्मान अली खान वऱ्हाड परत मागताना बरोबरीच्या नात्यानं बोलू लागले, तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी २७ मार्च १९२६च्या पत्रात सुनावलं की ब्रिटिश राजसत्तेचं सर्वोच्चपण केवळ करारांवर अवलंबून नाही. कराराला दोन बाजू असल्या, तरी त्याचा अर्थ लावण्याचा हक्क एकीनेच स्वतःकडे ठेवला होता.

१९४७च्या स्वातंत्र्य कायद्याच्या कलम ७नं संस्थानांवरची ही अधिसत्ता संपली. निजामानं त्यातून आपलं स्वातंत्र्य काढलं. दिल्लीला चहूबाजूंनी भारतानं वेढलेलं स्वतंत्र राज्य मान्य होणं शक्य नव्हतं. २९ नोव्हेंबर १९४७ला एका वर्षाचा ‘जैसे थे’ करार झाला. त्यात लवादाची तरतूद होती, पण लवाद कधी बसलाच नाही. निजामानं पाकिस्तानला २० कोटींचे रोखे देऊ केले, भारतानं मालाची वाहतूक रोखली आणि करार मोडल्याचा आरोप दोघांनीही एकमेकांवर केला.

२१ ऑगस्ट १९४८ला हैदराबादनं संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार केली. आधार सनदेच्या कलम ३५(२)चा: सदस्य नसलेलं राज्यही वाद मांडू शकतं. अडचण ‘राज्य’ या अटीतच होती. भारताची ढाल होती कलम २(७), म्हणजे देशाच्या अंतर्गत बाबीत हस्तक्षेप नाही. १३ सप्टेंबरला भारताच्या फौजा सोलापूरहून नळदुर्गकडे निघाल्या. १६ला परिषदेनं ८ विरुद्ध ० मतांनी विषय पत्रिकेवर घेतला. सोव्हिएत रशिया, युक्रेन आणि चीन तटस्थ राहिले. हैदराबाद राज्य आहे की नाही, याचा निकाल मात्र दिला नाही. दुसऱ्याच दिवशी निजामानं शस्त्रं खाली ठेवली आणि २२ला तक्रार मागे घेत असल्याची तार गेली. परिषदेच्या यादीत ‘हैदराबाद प्रश्न’ त्यानंतरही अनेक दशकं पडून होता.

कारवाईला ‘पोलीस ॲक्शन’ म्हटलं गेलं, कारण युद्ध दोन राज्यांत होतं आणि हैदराबादला राज्य मानायचंच नव्हतं. डचांनीही जुलै १९४७मध्ये इंडोनेशियावरचा हल्ला पोलीस कारवाई म्हणूनच खपवला होता, आणि तो परिषदेत नेणाऱ्यांत ऑस्ट्रेलियासोबत भारतच होता. दोन्ही प्रसंग सारखे नाहीत: तिथे परकी वसाहतवाले होते, इथे राजवटीविरुद्ध जनता उठली होती. तरीही हा ताण झाकून ठेवू नये.

‘अंतर्गत बाब’ म्हटल्यावर बाहेरची नजर बंद होते, आणि त्याची किंमत इथल्याच माणसांनी मोजली. कारवाईनंतर मुस्लिमांवर झालेल्या हिंसेत २७,००० ते ४०,००० बळी गेल्याचा अंदाज भारत सरकारनंच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं दिला. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. अहवाल अनेक दशकं दडपून राहिला.

नियम अगदीच दुबळे होते, असंही नाही. २० सप्टेंबर १९४८ला निजामाचे १०,०७,९४० पौंड ९ शिलिंग लंडनच्या वेस्टमिन्स्टर बँकेत पाकिस्तानचे उच्चायुक्त रहिमतुल्ला यांच्या खात्यावर गेले. काही दिवसांतच निजामानं ते परत मागितले. १९५७मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं परक्या सार्वभौम राज्यावर दावा चालत नाही असं ठरवलं आणि पैसे गोठले. जिंकलेल्या भारतालाही ते मिळेनात. २०१३मध्ये पाकिस्ताननं स्वतःच बँकेवर दावा लावला आणि ते संरक्षण गमावलं. २ ऑक्टोबर २०१९ला लंडनच्या उच्च न्यायालयानं भारत आणि निजामाच्या वारसांच्या बाजूनं निकाल दिला, तोवर रक्कम साडेतीन कोटी पौंडांवर गेली होती.