सोव्हिएत संघाचे राष्ट्रीयता धोरण

झारशाही साम्राज्याच्या जागी आलेल्या सोव्हिएत राज्याने बिगर-रशियन समाजांबाबत राबवलेले धोरण. नोव्हेंबर १९१७ मध्ये लेनिन व स्टालिन यांच्या सह्यांनी निघालेल्या जाहीरनाम्याने रशियातील सर्व लोकसमूहांना समानता आणि फुटून निघण्यापर्यंतचा स्वयंनिर्णयाचा हक्क दिला. १९२१ मध्ये लाल सेनेने स्वतंत्र जॉर्जिया ताब्यात घेतला, तेव्हा त्या हक्काची मर्यादा उघड झाली.

तरीही १९२० च्या दशकातील धोरण केवळ देखावा नव्हते. एप्रिल १९२३ मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या बाराव्या अधिवेशनाने ‘कोरेनिझात्सिया’ म्हणजे स्थानिकीकरण मान्य केले. शाळा, वृत्तपत्रे आणि सरकारी कामकाज स्थानिक भाषेत चालावे, अधिकाराच्या जागी स्थानिक माणसे यावीत, असा त्याचा रोख होता. लेखी परंपरा नसलेल्या कितीतरी भाषांना प्रथमच लिपी आणि पाठ्यपुस्तके मिळाली. हे काम खरोखर मोठे होते. मात्र लिपीबाबतचा शेवटचा शब्द मॉस्कोचा असे. कझाक भाषा १९२० च्या दशकाअखेरीस अरबी लिपीतून लॅटिनमध्ये नेली गेली आणि १९४० मध्ये सिरिलिकमध्ये, म्हणजे रशियन भाषेच्या लिपीत. आजोबांनी लिहिलेले नातवाला वाचता येऊ नये, एवढी उलथापालथ दोन दशकांच्या आत झाली.

१९३० नंतर वारे फिरले. युक्रेनीकरणाचे खंदे पुरस्कर्ते मिकोला स्क्रिप्निक यांच्यावर राष्ट्रवादाचा ठपका आला. जुलै १९३३ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. १९३८ मध्ये बिगर-रशियन शाळांत रशियन भाषा सक्तीची झाली. १९३२ पासून देशांतर्गत पासपोर्टात राष्ट्रीयतेची नोंद असे. ओळख जपण्यासाठी म्हणून झालेली अशी वर्गवारीच पुढे माणसे हुडकून काढायला उपयोगी पडली. १९३७ मध्ये अतिपूर्वेकडील सुमारे १ लाख ७० हजार कोरियनांना मध्य आशियात हलवण्यात आले. १९४१ मध्ये व्होल्गाकाठचे जर्मन, फेब्रुवारी १९४४ मध्ये चेचेन व इंगुश, मे १९४४ मध्ये क्रिमियन तातार यांची पाळी आली. वृद्ध, मुले, इतकेच नव्हे तर पक्षाचे सदस्यही मालगाड्यांत कोंबले गेले. वाटेत आणि हद्दपारीत हजारोंचा अंत झाला. दोष व्यक्तीचा न पाहता अख्ख्या समाजाला शिक्षा देण्याच्या या कृत्याला युद्धकाळाची निकड हे समर्थन पुरत नाही. चेचेनांना १९५७ मध्ये परतता आले, तर तातारांना १९८० च्या दशकाअखेरपर्यंत थांबावे लागले.

विशेष म्हणजे १९३६ आणि १९७७ या दोन्ही राज्यघटनांत संघातील घटक प्रजासत्ताकांचा फुटून निघण्याचा हक्क कायम होता. १९९१ मध्ये संघ विसर्जित झाला, तो याच १५ प्रजासत्ताकांच्या सीमांवरून.