जोर द्यायला अवतरणचिन्हे? इंग्रजीत नको

शाळेच्या मराठी व्याकरणात विरामचिन्हांच्या तक्त्यात एक नियम असतो: बोलणाऱ्याच्या तोंडचे शब्द दुहेरी अवतरणचिन्हांत, आणि एखाद्या शब्दावर जोर द्यायचा असेल तर तो एकेरीत. मराठीपुरते ठीकच आहे. पण हाच नियम इंग्रजीलाही चालतो असे आपण धरून चालतो, आणि घोळ तिथेच होतो.

इंग्रजीत एकेरी की दुहेरी, याने अर्थ बदलत नाही. ती ज्याची त्याची छापण्याची पद्धत. ऑक्सफर्डच्या शैलीत आधी एकेरी आणि अवतरणातल्या अवतरणाला दुहेरी. अमेरिकेत नेमके उलटे. ‘गार्डियन’ ब्रिटिशच, तरी बातमीत दुहेरी आणि मथळ्यात एकेरी!

जोर द्यायचे काम इंग्रजीत तिरप्या अक्षरांकडे असते. सुट्या शब्दाला उगाच चिन्हे लावली की वाचणाऱ्याला त्यात ‘तथाकथित’ ऐकू येते. पाटीवर “फ्रेश” फिश लिहा, गिऱ्हाईक आधी नाकाला रुमाल लावेल. नोकरीच्या अर्जात स्वतःला “एक्सपिरियन्स्ड” म्हणवणाऱ्याने तर शंकेचे बी आपल्याच हाताने पेरले. (बोलताना दोन बोटे हवेत वाकवून आपण टोमणा मारतो ना, तेच हे.)

पूर्णविराम नेहमी चिन्हांच्या आतच, हेही अर्धेच खरे. तो अमेरिकी रिवाज. ब्रिटनमध्ये साधारणपणे अर्थ बघतात: पूर्णविराम अवतरणातल्या वाक्याचाच असेल तर आत, नाहीतर बाहेर.