राकाईतील एचआयव्ही: ‘ए’, ‘डी’ आणि मधले विषाणू

युगांडाच्या नैऋत्येला व्हिक्टोरिया सरोवर आणि टांझानियाची सीमा यांना लागून राकाई हा शेतकरी व कोळ्यांच्या वस्तीचा भाग आहे. सरोवरकाठच्या कासेन्सेरो गावात १९८२ मध्ये माणसे झिजून मरत असल्याचे लक्षात आले. लोक या रोगाला ‘स्लिम’ म्हणत, आणि त्याचा एचआयव्हीशी असलेला संबंध १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला. विषाणू १९७९ च्या युद्धातील सैन्याबरोबर आला की तस्करीच्या वाटेने, हा वाद जुना आहे. मात्र या खेड्यांत विषाणूची ‘ए’ आणि ‘डी’ अशी दोन कुळे शेजारी नांदत असल्याने एकच वाट शोधण्यात फारसा अर्थ उरत नाही.

खरा गुंता अशा कुळांसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘उपप्रकार’ या शब्दाचा आहे. ही अक्षरे मिळाली ती जनुकसंचाच्या एखाद्या तुकड्यावरून, कधी आवरणाच्या तर कधी गाभ्याच्या प्रथिनाच्या जनुकावरून. काटेकोर नियम १९९९-२००० च्या सुमारास ठरले, आणि ते ठरवताना ‘बी’ व ‘डी’ यांच्यातील अंतर उपप्रकाराएवढे नसून उप-उपप्रकाराएवढेच भरते, हे मान्य करूनही केवळ रूढ झाल्यामुळे दोन्ही अक्षरे कायम ठेवली गेली. किन्शासातील १९५९ च्या रक्तनमुन्यातील विषाणूही या दोघांच्या फाट्याजवळच बसतो. सोयीसाठी घेतलेला हा निर्णय समजण्यासारखा असला, तरी त्यामुळे ‘ए’ आणि ‘डी’ यांमधील दरी व ‘बी’ आणि ‘डी’ यांमधील दरी नावांवरून सारखीच भासते, आणि आपल्याकडे जवळपास सर्वत्र ‘सी’च आढळत असल्याने हा घोळ मराठी वाचकाच्या सहसा नजरेत येत नाही.

संकरित विषाणूंबाबत अडचण आणखी वाढते. एकाच पेशीत दोन कुळांचे विषाणू शिरले, की आरएनएची प्रत काढणारे विकर एका धाग्यावरून दुसऱ्यावर उडी घेते आणि मिश्र विषाणू तयार होतो. असा संकर किमान तीन परस्परसंबंध नसलेल्या रुग्णांत सापडला तरच त्याला स्वतंत्र क्रमांक मिळतो. राकाईतील बहुतेक ‘ए-डी’ संकर मात्र एकेका माणसापुरतेच असल्याने त्यांच्या वाट्याला क्रमांक येत नाही. शिवाय दोनच तुकडे वाचले तर संकर कमी दिसतात आणि सुमारे ९,७०० अक्षरांचा पूर्ण संच वाचला तर वाढतात. म्हणून १९९० च्या दशकातील आकडे आणि आजचे आकडे शेजारी ठेवताना पद्धत तपासलीच पाहिजे.

एवढे सांभाळूनही बदलाची दिशा स्पष्ट आहे: सुरुवातीला ‘डी’चे प्राबल्य होते, पुढे त्याचा वाटा घटला आणि ‘ए’चा वाढला. ‘डी’ची लागण झालेल्यांत आजार अधिक वेगाने बळावतो, हे याच भागातील पाहणीत दिसले, त्यामुळे हा बदल केवळ वर्गीकरणाचा खेळ म्हणून बाजूला टाकता येत नाही. गेल्या दशकभरात जनुकक्रमांच्या वंशवृक्षांवरून बऱ्याच लागणी गावाबाहेरून आल्याचेही आढळले आहे.